नेचा ओलाव्याचा साक्षीदार, पाण्याचा दाखला नव्हे

राणीसावरगाव हे परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातले गाव. गोदावरीच्या दक्षिणेला बालाघाटच्या रांगा सुरू होतात, त्या चढउतारांचा हा मुलूख. खाली काळा पाषाण, वर कुठे काळी तर कुठे मुरमाड जमीन, शिवारात सोयाबीन, कापूस आणि तूर, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाणारा पारा. अशा गावाचे नाव घेऊन सदाहरित जंगलातल्या वनस्पतीचा विषय काढला तर कोणालाही नवल वाटेल. पण याच मुलखातल्या एखाद्या जुन्या दगडी विहिरीत पावसाळा सरताना वाकून पाहावे. वरच्या चार-सहा फुटांत कोरडे दगड दिसतात. त्याखाली, जिथे ऊन दिवसातून घटका-दोन घटकाच पोहोचते आणि दगडांच्या सांध्यातून पाझर येतो, तिथे काळ्या चकचकीत देठांची आणि पंख्यासारख्या हिरव्या पानांची झालर लोंबताना दिसू शकते. तो हंसराज. नेच्यांच्या कुळातली ही वनस्पती.

हंसराजाचे खरे घर इथून चारशे किलोमीटरहून अधिक दूर, सह्याद्रीच्या पलीकडे आहे. सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या सखल सदाहरित व निमसदाहरित रानांच्या तळाशी, ओढ्यांच्या दरडींवर, वाटांच्या कडेला तो पावसाळ्यात दाट उगवतो. आंबोलीच्या घाटात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. परभणी जिल्ह्यात चांगल्या वर्षीही तो हजाराच्या आतबाहेर राहतो आणि वाईट वर्षी त्याच्या निम्म्यावर येतो. तरीही हा नेचा इथे येतो आणि टिकतो. तो कसा, हे कळले की जुन्या विहिरींकडे पाहण्याची नजर बदलते. आणि ती नजर आज बदलण्याची गरज आहे, कारण मराठवाड्यातल्या विहिरी सध्या दोन टोकांच्या मध्ये सापडल्या आहेत. काही बुजवल्या जात आहेत, तर काही स्वच्छतेच्या उत्साहात अशा रीतीने खरवडल्या जात आहेत की त्यांच्या भिंतीवर काहीही जिवंत उरू नये.

नेचा ही फुले आणि बिया न येणारी वनस्पती. पृथ्वीवर फुलझाडे येण्याच्या कितीतरी आधी, सुमारे छत्तीस कोटी वर्षांपूर्वी नेच्यांचे पूर्वज जमिनीवर होते. आज जगात नेच्यांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. भारतात नेचे आणि त्यांचे जवळचे नातलग मिळून हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्यांतल्या तीनशेहून अधिक पश्चिम घाटात सापडतात. पानाच्या मागच्या बाजूला तपकिरी ठिपके किंवा पट्टे दिसतात, तिथे बीजाणू तयार होतात. एक बीजाणू म्हणजे मिलिमीटरचा विसावा-तिसावा भाग. एका पानावर असे लाखो असतात. वाऱ्यावर उडणारी धूळ जितकी दूर जाते तितके तेही जातात. त्यामुळे कोकणातून मराठवाड्यात पोहोचणे ही नेच्यासाठी अडचण नाहीच. अडचण पुढे सुरू होते.

बीजाणू रुजला की त्यातून थेट नेचा उगवत नाही. आधी नखाहूनही लहान, बदामाच्या आकाराचे एक हिरवे पातळ पान तयार होते. त्यावर नर आणि मादी पेशी असतात. नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहत जावे लागते आणि त्यासाठी त्या पानावर पाण्याचा एक पातळ थर असावा लागतो. तो थर काही काळ टिकला तरच पुढची पिढी जन्माला येते. बी असलेल्या झाडाने ही अट केव्हाच मागे टाकली. म्हणून तूर आणि बाभूळ कोरड्या रानात वाढतात. नेच्याने ती अट सोडली नाही. आयुष्यात एकदा तरी त्याला न वाळणारी ओल लागतेच. मराठवाड्याच्या उघड्या माळावर अशी ओल पावसाळ्यातले काही आठवडे असते. दगडी विहिरीच्या पोटात मात्र ती महिनोन् महिने राहते.

विहीर म्हणजे नुसता पाण्याचा खड्डा नव्हे. थंड हवा जड असते, ती खाली साचते. पाण्याची वाफ वर निघून जायच्या आत भिंतींना लागते. सकाळ-संध्याकाळ सावली, दुपारी थोडा उजेड, वारा नाही आणि दगडांच्या फटींतून सतत झिरपणारे पाणी. सदाहरित जंगलाच्या तळाशी जे हवामान असते, त्याचा एक छोटा तुकडा माणसाने नकळत इथे बांधून ठेवला. हंसराज त्या तुकड्यात आला. त्याच्याबरोबर शिडीच्या पायऱ्यांसारखी लांब पाने असलेला दुसरा एक नेचाही येतो. शास्त्रात त्याला टेरिस विटाटा म्हणतात. त्याला चुना आवडतो, म्हणून जुन्या चुन्याच्या दरजांत, पुलांच्या कमानींत आणि वाड्यांच्या ओलसर भिंतींत तो हमखास दिसतो. तिसरा गडी अगदी वेगळ्या स्वभावाचा. त्याला मयूरशिखा म्हणतात. बोटभर उंचीचा, मोराच्या तुऱ्यासारखा दिसणारा हा नेचा किल्ल्यांच्या आणि गढ्यांच्या कोरड्या भिंतींत राहतो. पाणी संपले की तो आकसून करपल्यासारखा होतो आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवा होतो.

या तिघांना ओळखता आले तर भिंत वाचता येते. मयूरशिखा सांगते की इथे पावसाळ्यापुरता ओलावा आहे. टेरिस सांगतो की इथे चुना आहे आणि ओल बऱ्यापैकी टिकते. हंसराजाचा दाट, ताजा पट्टा फेब्रुवारी-मार्चपर्यंत हिरवा राहत असेल, तर त्या पातळीला दगडामागून पाझर चालू आहे. बालाघाटच्या भागात वरच्या मुरमातून आणि फुटलेल्या खडकातून पाणी आडवे सरकते आणि खाली घट्ट पाषाण लागला की विहिरीच्या भिंतीतून बाहेर येते. विहिरीचा जीव या उथळ पाझरात असतो. कूपनलिका दोनशे-तीनशे फूट किंवा त्याहून खोल जाते. अशा नळांची संख्या वाढली आणि पुनर्भरण झाले नाही, की वरचा पाझर लवकर आटू लागतो. त्याची पहिली खूण पंपाच्या आवाजात उमटत नाही, ती भिंतीवर उमटते. पूर्वी होळीपर्यंत हिरवा राहणारा पट्टा संक्रांतीलाच पिवळा पडू लागतो.

अर्थात एका विहिरीतला नेचा वाळला म्हणजे भूजल संपले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. कोणी तणनाशक फवारले असेल, कोणी काठावर पाचट जाळले असेल, कोणी भिंत खरवडली असेल. पण गावातल्या पाच-सात जुन्या विहिरींत वर्षामागून वर्षे हाच प्रकार दिसू लागला, तर ती गंभीरपणे घेण्याजोगी सूचना आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतल्या पाण्याची पातळी ठरावीक काळाने मोजते. तिच्या आकड्यांची जागा नेचा घेऊ शकत नाही. मात्र जिथे निरीक्षण विहीर नाही, अशा शिवारात हा फुकटचा साक्षीदार आहे. ऐंशीच्या घरातली माणसे आजही सांगू शकतात की कोणत्या विहिरीत कोणत्या महिन्यापर्यंत हिरवळ असायची. ही माहिती कागदावर आणण्याची वेळ निघून चालली आहे.

इथपर्यंत नेच्याची बाजू झाली. आता सावधगिरीची बाजू मांडली पाहिजे, कारण आरोग्याचा प्रश्न तिथे आहे.

हिरवीगार भिंत आणि नितळ पाणी पाहिले की माणसाला ते पाणी चांगलेच असणार असे वाटते. या समजाची मोठी किंमत मराठवाड्याने एकदा मोजली आहे. नारूचा रोग आजच्या तरुणांनी पाहिलेला नाही, पण त्यांच्या आजी-आजोबांना तो चांगला आठवतो. पायातल्या फोडातून दोन-तीन फूट लांबीचा पांढरा जंत दिवसेंदिवस थोडा थोडा बाहेर ओढून काडीला गुंडाळावा लागे. ऐन पेरणीच्या दिवसांत घरातली कर्ती माणसे खाटेला खिळत. हा रोग पसरण्यात पायऱ्यांच्या विहिरींचा मोठा वाटा होता. रोगी माणूस पाणी भरायला पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, फोडातून जंताची पिल्ले पाण्यात सुटत, सायक्लॉप्स नावाचे सूक्ष्म जलचर ती गिळत आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात रोग जाई. फोड दिसायला सुमारे वर्ष लागे, त्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड कोणालाच घालता येत नसे.

१९८३-८४मध्ये देशात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्र रोगग्रस्त राज्यांपैकी एक होता. पाणी दुहेरी फडक्याने गाळणे, विहिरीत सायक्लॉप्स मारणारे औषध टाकणे, हातपंप बसवणे आणि पायऱ्यांच्या विहिरींचे पोहऱ्याने पाणी ओढण्याच्या विहिरींत रूपांतर करणे, असे हे काम होते. त्यासाठी कोणतीही लस नव्हती आणि रोग बरा करणारे औषधही नव्हते. गावोगाव फिरणारे आरोग्य कर्मचारी आणि त्यांचे ऐकणारे गावकरी यांच्या बळावर ते झाले. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातले हे मोठे यश आहे. त्या काळात पायऱ्या बंद झाल्या, बारवा ओस पडल्या, त्यामागे केवळ परंपरेबद्दलची अनास्था नव्हती. काही ठिकाणी तो आरोग्याचा रास्त निर्णय होता. आज बारवांवर प्रेम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

नारू गेला, पण पाण्याचे इतर धोके आहेत. उघड्या विहिरीत पावसाच्या लोंढ्याबरोबर शेण, माती, खते आणि कीटकनाशके उतरतात. मराठवाड्यातल्या अनेक भागांत भूजलात नायट्रेटचे प्रमाण जास्त आढळते, काही ठिकाणी फ्लोराइडही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत. दुसरा स्रोत नसेल तर फ्लोराइडसाठी दीड मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. या दोन्ही गोष्टींना रंग, वास किंवा चव नाही. नायट्रेट जास्त असलेल्या पाण्यात बाळाचे दूध कालवले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी होऊ शकते. फ्लोराइडने आधी मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडे आणि सांधे आखडतात. विहिरीतला हंसराज या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही. पाण्यात जुलाब-काविळीचे जंतू असले तरी तो तितकाच टवटवीत दिसेल.

टेरिस विटाटाची गोष्ट तर याच्या अगदी उलट बाजूची आहे. २००१मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठातल्या लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की हा नेचा जमिनीतले आर्सेनिक शोषून पानांत साठवतो. लाकूड टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त रसायन वापरलेल्या एका जुन्या जागेवर तो जोमाने वाढताना आढळला होता. प्रयोगात त्याच्या पानांत किलोमागे बावीस हजार मिलिग्रॅमहून अधिक आर्सेनिक साठल्याचे दिसले, म्हणजे वाळलेल्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त. दुसरे कोणतेही सामान्य झाड याच्या कितीतरी आधी मेले असते. त्यानंतर दूषित जमीन साफ करण्यासाठी जगभर या नेच्यावर काम झाले. ज्याला सामान्य माणूस विहिरीतले गवत समजतो, त्याचे हे मोल आहे. पण याच शोधातून दुसरा धडाही मिळतो. हिरवा रंग शुद्धतेची हमी देत नाही. काही वनस्पती ज्या मातीत वाढतात, तिथले विष आपल्या अंगात घेऊन बसतात.

म्हणूनच विहिरीतला नेचा उपटून काढा करण्याची सवय धोक्याची आहे. हंसराज आयुर्वेदाला हंसपदी या नावाने माहीत आहे. त्याचा जवळचा भाऊ युनानी वैद्यकात परसियावशान म्हणून खोकल्याच्या काढ्यांत वापरला जातो. निजामाच्या राजवटीत राहिलेल्या मराठवाड्याला हकिमांचे हे औषध नवे नाही. युरोपातही अठराव्या शतकात याच कुळातल्या नेच्याचे सरबत खोकल्यावर दिले जाई. इतक्या वेगवेगळ्या वैद्यकांनी एकाच प्रकारच्या वनस्पतीकडे खोकल्यासाठी पाहावे, ही अभ्यासाला प्रवृत्त करणारी गोष्ट आहे. आजवरचे बहुतेक संशोधन मात्र प्रयोगशाळेतल्या अर्कांवर आणि प्राण्यांवर झालेले आहे. माणसांवरच्या मोठ्या, काटेकोर चाचण्यांचा आधार तुटपुंजा आहे. त्यात अडचण अशी की हंसराज या एकाच नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या जाती विकल्या जातात. गरोदर स्त्रियांनी तो घेऊ नये, असा इशारा वनौषधींच्या ग्रंथांतही दिलेला असतो.

नेचे सरसकट निरुपद्रवी असतात हाही गैरसमज आहे. थंड डोंगराळ प्रदेशात वाढणाऱ्या ब्रेकन नावाच्या नेच्यात कर्करोगाला कारण ठरू शकणारे रसायन असते. तो चरणाऱ्या गुरांना रक्ताची लघवी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची नोंद संभाव्य कर्करोगकारक म्हणून केली आहे. हंसराज ब्रेकन नाही. पण पंधरा दिवसांचा खोकला घरच्या काढ्यावर काढणाऱ्या माणसाला नेच्याच्या गुणदोषांपेक्षा एक गोष्ट आधी कळायला हवी: दोन आठवड्यांहून जास्त टिकणाऱ्या खोकल्यात थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करावी लागते आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. काढ्यात गेलेले दिवस क्षयरोगाला मिळतात. त्या रोग्याला मिळत नाहीत.

मग नेच्याचे करायचे काय? त्याला त्याच्या जागी राहू द्यायचे, हे या प्रश्नाचे साधे उत्तर आहे. ते सोपे वाटते, पण सध्या तेच घडत नाही.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात बारवांबद्दल चांगली जाग आली आहे. परभणी जिल्हा त्यात मागे नाही. सेलू तालुक्यातल्या वालूरची गोलाकार पायऱ्यांची बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या आणि परभणीजवळच्या पिंगळीच्या बारवा पाहायला लोक दुरून येतात. हे काम कौतुकाचे आहे आणि ते वाढले पाहिजे. मात्र स्वच्छता करताना भिंतीवरच्या प्रत्येक हिरव्या गोष्टीला झुडूप समजून उपटण्याची पद्धत बदलायला हवी. वड, पिंपळ आणि उंबर यांची रोपे काढलीच पाहिजेत. त्यांची मुळे दरजांत शिरून जाड होतात आणि चिरे सरकवतात. ती नुसती तोडून चालत नाही, मुळापासून मारावी लागतात. नेच्याचे मूळ दोऱ्यासारखे बारीक आणि उथळ असते. त्याचे लाकूड होत नाही. दरज खिळखिळी झालेली असेल तिथे दुरुस्तीपुरता तो काढावा लागेल, पण घट्ट भिंतीवरचा हंसराज खरवडून कोणाचाही फायदा होत नाही.

याहून मोठे नुकसान सिमेंटने होते. जुनी भिंत मजबूत करायची म्हणून आतून सिमेंटचा गिलावा केला जातो. जुन्या बांधकामात चुना असतो किंवा दगड नुसते एकावर एक बसवलेले असतात. त्यांच्या सांध्यांतून पाणी आत येते आणि मागचा दाब मोकळा होतो. गिलाव्याने ही वाट बंद होते. पाझर विहिरीत यायचा थांबतो आणि मागे साचलेल्या पाण्याचा दाब भिंतीवर येतो. चार पावसाळ्यांनी गिलाव्याला फुगे येतात आणि पापुद्रे सुटतात, काही वेळा भिंतच ढासळते. चुन्याने दरजा भरणे, पाणी निथळायला भोके ठेवणे आणि पाझराच्या पट्ट्याला हात न लावणे हे विहिरीच्या आयुष्यासाठीच शहाणपणाचे आहे. नेच्याला त्यात फुकट जागा मिळते. वेगळा खर्च करावा लागत नाही.

यावर गावातला शेतकरी एक रास्त प्रश्न विचारील. टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला नेच्याचे काय सांगता? २०१६च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या उन्हाळ्यात कोणत्या विहिरीत कोणती वनस्पती वाळली, याची चौकशी करायला कोणाला वेळ नव्हता आणि असण्याचे कारणही नव्हते. हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे उत्तरही त्याच उन्हाळ्यात आहे. टंचाई एका दिवसात येत नाही. ती पाझरांतून, झऱ्यांतून, विहिरींच्या भिंतींतून काही वर्षे आधी दिसू लागते आणि तिकडे पाहायची सवय नसली की ती अचानक आल्यासारखी वाटते. नेच्यासाठी पाणी वाचवा असे कोणी म्हणत नाही. जो पाझर माणसाला पाणी देतो तोच नेच्याला ओल देतो, त्यामुळे एकाकडे लक्ष ठेवले की दुसऱ्याची खबर मिळते.

हे लक्ष ठेवण्यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. अनेक गावांत ही नोंदवही एकदा भरून कपाटात गेली. तिच्यात गावातली झाडे, पिके, जनावरे असतात. विहिरींच्या भिंती सहसा नसतात. राणीसावरगावसारख्या गावाने एका पावसाळ्यानंतर आपल्या जुन्या विहिरींची यादी करावी. प्रत्येक विहिरीत कोणते नेचे, काठापासून किती हात खाली, कोणत्या महिन्यापर्यंत हिरवे, एवढे लिहावे आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. शाळेतल्या विज्ञान शिक्षकाला आणि नववी-दहावीच्या मुलांना हे जमण्यासारखे आहे, अट एकच: कोणीही पायऱ्या उतरायच्या नाहीत किंवा कठड्यावर चढायचे नाही, निरीक्षण मोठ्यांच्या देखरेखीखाली काठावरूनच करायचे. ओळख पटवायला परभणीचे कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग मदत करू शकतात. पाच वर्षांनी त्या वहीला जी किंमत येईल, ती आज एका पानाकडे पाहून कळणार नाही.

पाण्याची खात्री मात्र वेगळ्या मार्गाने करायची. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासणीच्या संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तो संच वापरात आहे का, हे ग्रामसभेत विचारावे. पिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विहिरीत जलसुरक्षकाने टीसीएल पावडर टाकून क्लोरिनची चाचणी घ्यावी आणि पावसाळ्याआधी व नंतर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे ज्या विहिरीत ते जास्त आढळेल तिचे पाणी वापरासाठी ठेवून पिण्यासाठी दुसरा स्रोत शोधावा. विहिरीला कठडा आणि जाळी असावी, म्हणजे लेकरे आणि जनावरे सुरक्षित राहतील. जाळीतून ऊन-वारा जातो, नेच्याला तिचा त्रास नाही. पत्र्याने किंवा स्लॅबने तोंड पूर्ण बंद केले तर मात्र उजेडाबरोबर तोही जाईल.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे येथे जायफळ कुळातल्या झाडांची एक पाणथळ राई आहे. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टरच्या आसपास. २०२१मध्ये राज्य सरकारने तिला जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केले. सखल सदाहरित जंगलाचा तो एक शिल्लक तुकडा आहे आणि त्याचे रक्षण व्हायलाच हवे. मराठवाड्याच्या वाट्याला असे जंगल आले नाही. त्याच्या वाट्याला जे आले ते विहिरीच्या पोटातले वीस-पंचवीस फूट, तेही पूर्वजांनी हाताने खोदलेले. तिथे कोकणच्या रानातला एक पाहुणा पिढ्यान् पिढ्या राहतो आहे. पाणी कसे आहे, हे त्याला ठाऊक नाही. पाणी किती दिवसांचे आहे, एवढे मात्र त्याला बरोबर कळते. राणीसावरगावच्या परिसरात येत्या संक्रांतीला कोणी जुन्या विहिरीवर गेले, तर तिच्या भिंतीवरची हिरवी रेघ कुठवर आहे ते पाहून लिहून ठेवावे. पुढच्या संक्रांतीला ती तिथेच आहे का, हा प्रश्न मग विचारता येईल.